मृत्युपूर्व जबाब आणि सलाईनच्या बाटल्या

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

तालुक्याच्या गावात बातमीदारी करणाऱ्या कुणालाही दोन शब्द पाठ असतात. मृत्युपूर्व जबाब. बाई भाजली की पोलीस येतात, नायब तहसीलदार येतात, डॉक्टर लिहून देतात की रुग्ण शुद्धीवर आहे, आणि जबाब होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात एक कॉलम : ‘स्टोव्हचा भडका, विवाहिता ८० टक्के भाजली’. आठवड्याने आणखी चार ओळी : ‘भाजलेल्या विवाहितेचा मृत्यू’. वीसेक वर्षं मी या बातम्या बघतोय.

या बातमीत दोन गोष्टी हमखास असतात. किती टक्के आणि कुणावर गुन्हा. तिसरी गोष्ट कधीच नसते. पहिल्या आठ तासांत तिला सलाईनच्या किती बाटल्या लागल्या?

हा प्रश्न कुठून आला, त्याचं उत्तर जगाला कसं सापडलं आणि ते आपल्या तालुक्यापर्यंत का पोचत नाही, याचा इतिहास आज सांगतो. त्याची सुरुवात आपल्या पुण्याजवळ होते, म्हणून तिथूनच.

टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ च्या लढाईत कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. हा कारागीर विटा घडवणाऱ्या कुंभार जातीचा होता. त्याने मेणाचा साचा करून मापं घेतली, तो कपाळावर पसरून तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांच्या मध्ये ती जोडलेलीच ठेवली, खाली फिरवली आणि नाकाच्या जागी बसवली. क्रूसो आणि फिंडले नावाच्या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने अनेक वर्षं तयारी केली आणि १८१४ साली तीच शस्त्रक्रिया तिकडे केली. प्लास्टिक सर्जरीच्या कुठल्याही इतिहासात हे पान असतं. त्या कुंभाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. गाडीवानाचं नाव राहिलं, सर्जनचं गेलं.

कातडी जोडलेली ठेवायची, म्हणजे तिचा रक्तपुरवठा चालू राहतो, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. पण भाजलेल्या माणसाचा प्रश्न याहून मोठा. नाक गेलेला माणूस जगतो. निम्मं अंग भाजलेला माणूस दोन-तीन दिवसांत जायचा, आणि का जातो हेच कळत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, जळलेल्या कातडीतून विष अंगात भिनतं.

याचं उत्तर आगींनी दिलं. १९२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत न्यू हेवन इथे रिआल्टो नावाच्या थिएटरला आग लागली. येल विद्यापीठाचे फ्रँक अंडरहिल यांनी तिथल्या भाजलेल्या लोकांच्या फोडांतलं पाणी तपासलं. ते साधं पाणी नव्हतं. रक्तातला पातळ भाग असतो, जवळपास तसाच तो द्राव होता. म्हणजे भाजलेल्या माणसाचं रक्तच आतल्या आत आटत होतं. रक्तवाहिन्या पाझरतात, पातळ भाग बाहेर पडतो, उरलेलं रक्त घट्ट होतं, लघवी बंद होते आणि माणूस जातो. घराला आग लागली की आपण बाहेरून पाणी मारतो. भाजलेल्या माणसाला पाणी शिरेतून आत द्यावं लागतं.

२८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनमधला कोकोनट ग्रोव्ह हा नाइटक्लब पेटला. ४९२ माणसं मेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी या आगीतून वाचलेल्यांची बारीक नोंद ठेवली. शिरेतून किती द्रव दिला, जखमेवर काय लावलं, फुप्फुसात गेलेल्या धुराचं काय झालं, सगळं. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी तर ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखाचाही अभ्यास केला आणि १९४४ साली त्यावर निबंध लिहिला. आजही तो निबंध वाचला जातो.

पुढे टेक्सासमधल्या पार्कलंड हॉस्पिटलचे चार्ल्स बॅक्स्टर आणि टॉम शायर्स यांनी १९६८ साली हिशेब मांडला, तो आज डॉक्टरकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. रुग्णाचं वजन किलोत, गुणिले भाजलेले टक्के, गुणिले ४. जे उत्तर येईल तेवढे मिलिलिटर पहिल्या २४ तासांत. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत.

आता आपल्या बातमीतली बाई घ्या. वजन ६० किलो, भाजली ४० टक्के. ४ गुणिले ६० गुणिले ४०, म्हणजे ९६०० मिलिलिटर. अर्ध्या लिटरच्या १९ बाटल्या. त्यातल्या साडेनऊ पहिल्या आठ तासांत. हा सुरुवातीचा अंदाज. पुढे लघवी किती होते ते बघून डॉक्टर कमी-जास्त करतात. पण खरी मेख पुढे आहे. हे आठ तास दवाखान्यात आल्यापासून मोजायचे नसतात, भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात. गाडी मिळायला एक तास, ग्रामीण रुग्णालयात दीड तास, तिथून ‘पुढे हलवा’, जिल्ह्याला पोचायला दोन तास. साडेचार तास गेले. तेवढ्यात एकच बाटली लागली असेल तर पुढचा सर्जन कितीही मोठा असो, त्याच्या हातात कमीच उरतं.

हे झालं पहिल्या दोन दिवसांचं. पुढे सर्जनचं खरं काम सुरू होतं आणि त्याचा इतिहास युद्धातून येतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांतले तरुण वैमानिक पेटलेल्या कॉकपिटमधून बाहेर पडायचे, तेव्हा चेहरा आणि हात गेलेले असायचे. त्यांना इंग्लंडच्या ईस्ट ग्रिन्स्टेड या लहान गावातल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात पाठवत. तिथे आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचे, मूळ न्यूझीलंडचे सर्जन होते. त्या काळी भाजल्यावर टॅनिक ॲसिड लावायची पद्धत होती. जखमेवर कडक कवच धरायचं, बोटं आखडून वाकडी व्हायची, पापण्या ओढल्या जायच्या. मॅकिंडो यांच्या लक्षात आलं की जे वैमानिक समुद्रात पडले त्यांच्या जखमा बऱ्या दिसतात. त्यांनी टॅनिक ॲसिड बंद करायला लावलं आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या टबात रुग्णांना बसवायला सुरुवात केली. मग पापण्या, नाक, ओठ, हात, एकेक अवयव. एकेकावर दहा-दहा, वीस-वीस शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षं.

पण मॅकिंडो यांचं सर्वांत मोठं काम ऑपरेशन टेबलाच्या बाहेर झालं. रुग्णांना आजाऱ्याचा निळा पोशाख घालायला लावायचा नाही, आपली वर्दी घालू द्यायची. वॉर्डात बिअरचं पिंप. आणि गावाला त्यांनी सांगून ठेवलं की ही पोरं रस्त्यावर फिरतील, हॉटेलात येतील, त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही आणि नजरही चुकवायची नाही. गावाने ते केलं. आजही त्या गावाची ओळख टक लावून न बघणारं गाव अशी आहे. १९४१ साली रुग्णांनी स्वतःचा क्लब काढला, ‘गिनी पिग क्लब’. आमच्यावर प्रयोग होतात, म्हणून हे नाव. खजिनदार नेमला तो पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस नेमला तो बोटं भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लांबवणार नाही. युद्ध संपेपर्यंत ६४९ सभासद झाले. त्यातले कितीतरी जण परत कामाला लागले, लग्नं केली, म्हातारे झाले.

हे वाचताना मला नेहमी वाटतं, ही माणसं देशाची होती. देशाने त्यांना आपलं म्हटलं, म्हणून गाव बदललं.

त्याच युद्धाच्या काळात आणखी एक गोष्ट घडली. ती रणांगणावरची नव्हती, घरातली होती. ग्लासगोच्या हॉस्पिटलात एक तरुण बाई आली. घरातल्या गॅसच्या शेगडीवर पडून भाजलेली. टॉमस गिब्सन हे सर्जन आणि पीटर मेडावर हे शास्त्रज्ञ तिथे काम करत होते. तिच्या जखमेवर त्यांनी तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. काही दिवसांनी ते गळून गेले. पुन्हा भावाचेच लावले, ते आणखी लवकर गळाले. म्हणजे शरीराने परकी कातडी ओळखली होती आणि लक्षात ठेवली होती. १९४३ साली हे छापून आलं. अवयवरोपणाच्या आजच्या शास्त्राचा पाया इथे आहे. मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळालं. आज कुणाची किडनी बदलली की त्यामागे घरात भाजलेल्या त्या बाईच्या जखमा असतात.

तिसरा टप्पा युगोस्लाव्हियातला, आजच्या स्लोव्हेनियातला. मारिबोर गावच्या झोरा यान्झेकोविच या सर्जनबाई. तोपर्यंत जळलेली कातडी आपोआप सुटून येईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट बघायची रीत होती. तेवढ्यात जखम सडायची. त्यांनी पहिल्या काही दिवसांतच मेलेली कातडी पातळ पातळ थरांनी तासून काढायला सुरुवात केली. खालून ताजं रक्त दिसलं की थांबायचं आणि लगेच रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी तिथे लावायची. १९७० साली त्यांनी हे मांडलं आणि जगभरचे सर्जन मारिबोरला शिकायला जाऊ लागले.

आता महाराष्ट्रात या.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. मुंबईत जे.जे. हॉस्पिटलात डॉ. नोशीर अंटिया होते. ते इंग्लंडमध्ये सर हॅरोल्ड गिलीज यांच्याकडे शिकले. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे चेहरे घडवणारे, मॅकिंडो यांचे नातलग आणि गुरू. पुण्याहून लंडनला गेलेली विद्या दीडशे वर्षांनी अशी परत आली. अंटिया यांनी ती कुष्ठरोग्यांच्या हातांसाठी आणि चेहऱ्यांसाठी वापरली.

पण आपल्याकडे एक अडचण होती. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग महाग, आणि बदलताना जखमेला चिकटून येतं. रुग्ण किंचाळतो. वाडिया बाल रुग्णालयाचे डॉ. मनोहर केसवानी यांनी यावर बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग काढलं. साली उकडायच्या, गॉजवर ओळीने बसवायच्या, निर्जंतुक करायच्या. जखम ओलसर राहते आणि पट्टी चिकटत नाही. १९८५ साली ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासून पाहिलं. तेही चिकटत नाही, शिवाय स्वस्त आणि करायला सोपं. (कृपा करून घरी बटाटा किंवा केळीचं पान लावू नका. ते हॉस्पिटलात निर्जंतुक केलेलं असतं. घरी एकच करायचं. नळाचं साधं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फ नाही.)

शीवच्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ती का लागते ते समजून घ्या. निम्म्याहून जास्त अंग भाजलं की लावायला स्वतःची कातडी पुरत नाही. तेव्हा मेलेल्या माणसाने दिलेली कातडी तात्पुरती लावतात. ती कायमची टिकत नाही, मेडावर यांनी दाखवलं ते कारण. पण टिकते तेवढ्या दोन-तीन आठवड्यांत जखम झाकली जाते, पाझर थांबतो, जंतू आत शिरत नाहीत आणि तेवढ्यात मांडीवरची कातडी पुन्हा काढण्याजोगी होते. म्हणजे ती कातडी रुग्णाला वेळ मिळवून देते.

एवढं सगळं आपल्याकडे आहे. मग अडलं कुठे?

‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली एक अभ्यास आला. त्यांच्या अंदाजाने २००१ या एका वर्षात भारतात आगीने १ लाख ६३ हजारांहून जास्त मृत्यू झाले. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यात १ लाख ६ हजार बायका, आणि त्यातल्या बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. कोकोनट ग्रोव्हमध्ये ४९२ गेले, त्यातून जग बदललं. हा हिशेब केला तर आपल्याकडे दर दोन दिवसांत तेवढ्याहून जास्त बायका जात होत्या. फरक एवढाच की त्या एका छताखाली मेल्या नाहीत. एकेक स्वयंपाकघरात, एकेकट्या मेल्या. पेपरात एकेक कॉलम आला.

आपल्याकडे या बायकांकडे लक्ष गेलं ते कायद्याचं, आणि ते जायलाच हवं होतं. १९८३ साली ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनाची तरतूद झाली. मृत्युपूर्व जबाबावर तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा २००२ चा निकाल आपल्याच राज्यातल्या खटल्यात आला, लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य. डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. हे सगळं लढून मिळालंय, त्याला मी कमी लेखत नाही. खुनी सुटता कामा नये.

पण त्या शब्दाकडे एकदा नीट बघा. मृत्युपूर्व. ती अजून बोलतेय, श्वास घेतेय, आणि कागदावर तिचं मरण आधीच लिहिलेलं आहे. भाजलेली बाई आपल्या व्यवस्थेत पहिल्यांदा येते ती खटल्याची साक्षीदार म्हणून. रुग्ण म्हणून ती नंतर येते. वैमानिकाला कुणी विचारलं नव्हतं की विमान कुणाच्या चुकीने पेटलं. आधी त्याला मिठाच्या पाण्यात बसवलं.

आणि ती वाचलीच, तर? तिची बातमी होत नाही. भाजलेली कातडी भरून येताना आखडते. हनुवटी छातीला चिकटते, मान वर होत नाही. काखेतून हात सुटत नाही. बोटं एकमेकांना चिकटतात. हे टाळायला महिनोन्महिने स्प्लिंट, व्यायाम, अंगाला दाब देणारे घट्ट कपडे लागतात. नाही झालं तर सर्जन आखडलेला भाग कापून मोकळा करतात, तिथे नवी कातडी लावतात. एकदा मान, मग हात, मग पापणी. प्रत्येक वेळी मुंबई-पुणे-नागपूरची फेरी, सोबत एक माणूस, बुडालेली मजुरी. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर बायका यायच्या बंद होतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा नाव घेऊन समावेश आहे, आणि तो योग्यच आहे. स्टोव्हने भाजलेल्या बाईचं तसं नाव नाही. तिने हात किती वर होतो ते मोजून दाखवायचं आणि प्रमाणपत्र मिळवायचं.

आता घरोघरी गॅस आला, रॉकेलचे स्टोव्ह माळ्यावर गेले, केसेस पूर्वीइतक्या दिसत नाहीत. पण संपलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. अंगावर उकळतं पाणी सांडलेली लहान पोरं, विजेच्या तारेने भाजलेले वायरमन, फटाक्यांच्या कारखान्यातले मजूर, सगळे त्यात आले.

म्हणून दोन मागण्या. एक सरकारकडे, एक आपल्याकडे.

सरकारकडे : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर तो चारचा हिशेब लावा. भाजलेला रुग्ण पुढे हलवताना चिठ्ठीवर किती वाजता भाजला आणि आतापर्यंत किती बाटल्या गेल्या, हे दोन रकाने सक्तीचे करा. जबाब होऊ द्या, पण सलाईन लागलेली असताना होऊ द्या. याला नवं हॉस्पिटल लागत नाही. आणि आम्हा बातमीदारांनी टक्क्यांबरोबर हे दोन आकडेही विचारायला सुरुवात करू.

आपल्याकडे : त्वचादान. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीला फोन करायचा. त्यांची माणसं घरी किंवा हॉस्पिटलात येतात, पाठ आणि मांड्यांवरून अगदी पातळ थर काढतात, तासाभराच्या आत काम होतं. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, अंत्यविधी नेहमीसारखा होतो. रक्तगट जुळावा लागत नाही. वय झालेल्यांचंही चालतं. काविळीचे ठरावीक प्रकार, एचआयव्ही, कातडीचा कॅन्सर असे आजार असतील तर घेत नाहीत. ग्लिसरीनमध्ये ती कातडी काही वर्षं टिकते. नेत्रदान आपल्या गावागावात रुळलं. वर्गणी गोळा करणारी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट, सगळ्यांनी मनावर घेतलं म्हणून रुळलं. हेही रुळेल. तुमच्या सगळ्यात जवळची त्वचापेढी कुठली, तिचा फोन नंबर काय, एवढं आज शोधा आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुण्याजवळच्या त्या कुंभाराने एका गाडीवानाला चेहरा परत दिला, तेव्हा त्याच्याकडे मेणाचा साचा होता आणि हात होते. आपल्याकडे त्याहून पुष्कळ जास्त आहे.